४२० ओळींची ‘डॉक्टर’

झोप लागत नाही, जीव घाबरतो, कशातच रस उरला नाही, हे घरात सांगण्याआधी मोबाइलमधल्या चॅटबॉटला सांगून आलेले रुग्ण आता डॉक्टरांसमोर बसू लागले आहेत. ‘तो ऐकून तरी घेतो,’ हे त्यांचे म्हणणे असते. असे ‘ऐकून घेणारे’ पहिले यंत्र साठ वर्षांपूर्वीचे. त्याचा मूळ कोड उलगडून ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा चालते करण्यात आले. ती बातमी संगणकाच्या इतिहासात रमणाऱ्यांपुरती राहिली. खरे तर ती आरोग्याच्या पानावर यायला हवी होती.

यंत्राचे नाव एलायझा. अमेरिकेतील ‘एमआयटी’चे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी ते १९६४ ते १९६६ या काळात घडवले. नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या फुलवालीचे, म्हणजे पु. लं.नी जिची ‘ती फुलराणी’ केली तिचे. ‘डॉक्टर’ नावाच्या नियमावलीनुसार एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करी. ही नियमावली १९६६ च्या निबंधात छापली गेली, पण ती चालवणारा प्रोग्राम नाही. त्याची लिस्प भाषेतली नक्कल सर्वत्र फिरली आणि मूळही त्याच भाषेतले असावे, असा समज रुजला. २०२१ मध्ये जेफ श्रेगर यांच्या पाठपुराव्याने वायझेनबाउम यांची जुनी खोकी उघडली गेली, तेव्हा आतल्या छापील कागदांवरची भाषा निघाली मॅड-स्लिप.

आज ती कोणी शिकत नाही. मॅड मिशिगन विद्यापीठाची, तर शब्दांच्या याद्या हाताळणारी स्लिप ही वायझेनबाउम यांची जोड. नावे सहा अक्षरांत बसवायची, लांबलचक आज्ञेचे पहिले आणि शेवटचे अक्षर तेवढे लिहायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची आठवण यावी असा मामला. काही भाग कागदांत नव्हतेच, ते नव्याने लिहावे लागले. त्या काळच्या आयबीएम ७०९४ ची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर अखेर एलायझा बोलू लागली. संख्या टाइप केली की ती बंद पडते, हा मूळ दोष संशोधकांनी मुद्दाम तसाच ठेवला.

एवढ्या खटाटोपातून दिसले काय? जेमतेम ४२० ओळी. (आकडा आपल्याकडे भलताच बोलका!) वाक्यातला ओळखीचा शब्द हेरायचा, ‘माझे’चे ‘तुमचे’ करायचे आणि वाक्य प्रश्न बनवून परत द्यायचे. ‘माझी आई’ म्हटले की कुटुंबाबद्दल आणखी विचारायचे. काहीच सापडले नाही, तर ‘पुढे बोला’. ‘डॉक्टर’च्या नियमावलीत शब्दांना महत्त्वाचे क्रमांक होते: ‘माझे’ला २, ‘स्वप्न’ला ३, ‘संगणक’ला सर्वाधिक ५०. मरण, आत्महत्या हे शब्द यादीतच नव्हते.

तरीही वायझेनबाउम यांच्या सचिव, ज्यांनी हा प्रोग्राम घडताना पाहिला होता, त्याच्याशी बोलता बोलता त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगू लागल्या. केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने तर असा संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळेल, असे १९६६ मध्येच लिहून टाकले. वायझेनबाउम इतके अस्वस्थ झाले की १९७६ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले.

आजचे चॅटबॉट असे हाताने लिहिलेल्या मोजक्या नियमांवर चालत नाहीत. अनेकदा धोक्याचे शब्द ओळखून मदतीचा क्रमांकही देतात. हा फरक मोठा आहे. पण समोरच्याला बरे वाटले, हा यंत्राला काही कळल्याचा पुरावा ठरत नाही, हे त्या ४२० ओळींनी दाखवलेच आहे. साखरेच्या गोळीनेही रुग्णाला बरे वाटते, म्हणून तिला औषधाचा परवाना मिळत नाही. मानसिक आधाराचा दावा करून विकल्या जाणाऱ्या ॲपना हाच निकष लावला पाहिजे. रुग्ण वाक्य अर्धवट सोडतो, बाही खाली ओढतो, सोबतच्या आईकडे चोरून पाहतो. टाइप केलेल्या मजकुरात यातले काहीच उतरत नाही. दिलेल्या तारखेला तो आला नाही, तर चौकशी करणारेही तिथे कोणी नसते.

झोप, भूक, व्यसन यांच्या जोडीने ‘चॅटबॉटशी बोलता का, काय बोललात?’ हा प्रश्न आता बाह्यरुग्ण विभागातल्या केसपेपरवर यायला हवा, आणि तोही न रागावता विचारलेला. रात्री-अपरात्री माणसाशीच बोलायचे असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.