परत आलेला कॅडेट

रमजानात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "रोजा आहे ना?" ज्याचा नसतो तो खाली बघतो. मधुमेहाची गोळी घेणारी, नुकतीच ऑपरेशन झालेली माणसेही चारचौघांत पाण्याचा घोट घ्यायला लाजतात. शरीयतने हा संकोच त्यांच्यावर लादलेला नाही. आजारी माणसाने आणि प्रवाशाने चुकलेले रोजे नंतर, इतर दिवसांत पुरे करावेत, अशी मुभा कुरआनच्या दुसऱ्या सूरेतच आहे. त्याला कजा म्हणतात. ज्याचा आजार बरा होणाराच नाही त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, तो फिदिया. आणि ज्याने काही कारण नसताना जाणूनबुजून रोजा मोडला तो गुन्हेगार खराच, पण त्यालाही तौबा आहे आणि कजाही आहे. म्हणजे रोजा का राहिला, हे धर्म आधी विचारतो आणि मग हिशेब सांगतो. लोक मात्र हिशेब आधी मांडतात.

गावात असाच दुसरा एक प्रश्न आहे. तो लष्करी प्रशिक्षणातून घरी आलेल्या मुलाला विचारला जातो: "सुट्टीवर आलास काय?"

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीसारख्या बंदरावर कोण बोटीवर गेला, कोण आखातात गेला आणि कोण मुदतीआधी परतला, हे लपून राहत नाही. परतणे म्हणजे काहीतरी बिनसले, असाच अर्थ लागतो. मासेमारीच्या गावातून एखादा मुलगा खडकवासल्याला एनडीएत पोहोचला तर त्याचा अभिमान घरापुरता राहत नाही. मोहल्ल्याला वाटतो, कोळीवाड्यालाही वाटतो. त्यामुळे तो परत आला की उत्तरही साऱ्या गावाला द्यावे लागते, आणि बहुतेक मुले ते टाळण्यासाठी पुण्या-मुंबईत एखादी खोली गाठतात. कॉलेजच्या एनसीसीतून नाव कमी झालेल्या मुलाचे दुःख त्या मानाने लहान असते, पण जात तीच. वर्दी इस्त्री करून ठेवणाऱ्या आईला ते लहान वाटत नाही.

अकादमीतून मुलगा परत येण्याची कारणे साधारण तीन. दुखापत किंवा आजार, अभ्यासात वा शारीरिक चाचण्यांत कमी पडणे, आणि शिस्तभंग. एनडीएत तीन वर्षांच्या सहा टर्म असतात. नापास झालेल्याला आधी सहा महिने मागे टाकतात, तिथल्या भाषेत 'रेलिगेशन'. तेही जमले नाही तर घरी पाठवतात. गावाला हा फरक माहीत नसतो आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नसते. गुडघा फुटलेला, गणितात अडकलेला आणि भांडण केलेला, तिघांवर एकच शिक्का: "काढून टाकला."

लष्कराचे नियम याहून न्यायाने वागतात. शिस्तभंगासाठी काढलेल्या मुलाला लोकसेवा आयोगाच्या एनडीए किंवा सीडीएस परीक्षेतून पुन्हा येता येत नाही. हे घरच्यांनी त्याला स्पष्ट सांगावे. एखाद्या ओळखीच्या सुभेदाराकडून किंवा आमदाराकडून काही होईल या आशेवर दोन वर्षे घालवणे ही त्या मुलाची दुसरी हानी असते. मात्र ज्याचे नाव एनसीसीतून फक्त हजेरी कमी पडल्याने गेले, त्याची एकच वाट बंद झालेली असते. 'सी' प्रमाणपत्रावर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाण्याची ती वाट. पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलाची एएफसीएटी आहे, आणि त्यांना एनसीसीची अट नाही. नोकरीधंदा सांभाळून वर्दी घालायची तर प्रादेशिक सेनेत 42 वर्षांपर्यंत अधिकारी होण्यासाठी अर्ज करता येतो. ही झाली कजा. दिवस बदलतो, एवढेच.

खरी अडचण जायबंदी होऊन आलेल्यांची आहे. पूर्वी भरती झालेला साधा जवान प्रशिक्षणात कायमचा जखमी झाला तर त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळायचा. अधिकारी होण्यासाठी गेलेल्या कॅडेटला मिळत नाही, कारण कमिशन मिळेपर्यंत तो कागदोपत्री अधिकारी नसतो. मैदान सरकारचे, अडथळा सरकारचा, हुकूम सरकारचा. फक्त मोडलेले हाड त्याचे स्वतःचे. 1985 पासून असे सुमारे पाचशे कॅडेट घरी आले असल्याच्या बातम्या आल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तोवर त्यांच्या हाती पडत होते ते अपंगत्वाच्या प्रमाणात ठरणारे मासिक सानुग्रह अनुदान, जास्तीत जास्त चाळीस हजार रुपयांच्या आसपास. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार त्यांना उघडले. चांगले झाले. पण 'सानुग्रह' हा शब्दच चुकीचा आहे. अनुग्रह म्हणजे कृपा. फिदिया घेणाऱ्या गरिबालासुद्धा कुणी कृपा केली म्हणून सांगत नाहीत, ते देणाऱ्यावरचे देणे असते. या मुलांना दर्जा द्यावा, पेन्शन द्यावे आणि ते हक्क म्हणून द्यावे.

अशा वेळी नवीन गुलिया यांचे नाव हटकून घेतले जाते. डेहराडूनच्या अकादमीत 1995 मध्ये अडथळ्यांच्या स्पर्धेत पडून त्यांच्या मानेला इजा झाली आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. पुढे त्यांनी पुस्तक लिहिले, मुलांसाठी संस्था काढली आणि 2004 मध्ये हातांनी चालवता येईल अशी गाडी घेऊन दिल्लीहून लडाखच्या 18 हजार फुटांहून उंच मार्सिमिक ला खिंडीपर्यंत न थांबता गेले. मोठीच गोष्ट. पण ती घरी बसलेल्या मुलाच्या अंगावर फेकू नये. "ते करू शकले, तुला काय झाले?" या वाक्याने आजवर कुणी उठून उभा राहिल्याचे ऐकिवात नाही. बहुतेकांचे सावरणे याहून फार साधे असते. वर्षभराने का होईना, अर्धी राहिलेली पदवी पुरी करणे. डॉक्टरकडे जाणे, आणि झोप लागत नसेल तर तेही त्यालाच सांगणे. सहेरीला उठून घरच्यांबरोबर बसणे.

लष्कराने दार लावले तर काय करायचे, हे दापोलीला शिकवायची गरज नसावी. हे गाव इंग्रजांच्या काळात कॅम्प होते, निवृत्त शिपायांचे गाव. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीनंतर इथेच राहिले आणि बाल भीमरावाची सुरुवातीची वर्षे इथे गेली. त्याच दशकात महार समाजाची लष्करातली भरती सरकारने बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्यांना एका फटक्यात नालायक ठरवले गेले. स्वतः लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध सरकारला द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार केला. पहिल्या महायुद्धात 1917 ला गरज पडल्यावर सरकारने महारांची पलटण उभारली आणि 1921 मध्ये मोडलीही. महार रेजिमेंट बेळगावात 1941 ला आली. वलंगकर 1900 मध्येच वारले होते. आज परत आलेल्या कॅडेटला इतके थांबावे लागू नये, पण कागद लिहिण्याची सवय त्यांच्याकडून घ्यावी. वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत, अकादमीचे कार्यमुक्तीचे पत्र, दुखापतीच्या दिवसाची नोंद, हे सारे मुलाने आणि बापाने मिळून जपून ठेवावे. अपिलाची मुदत असते ती शरमेपोटी निघून जाते.

या महिन्यात जकातीचे पैसे गावोगाव निघतात. त्यातून शिलाई यंत्रे येतात, मदरशांना मदत जाते. घरची परिस्थिती जकातीला पात्र असेल तर अशा मुलाची कॉलेजची फी किंवा उपचाराचा खर्च त्यातून द्यायला काय हरकत आहे? पात्र नसेल तर सदका आहे. मशीद कमिटीने एवढे मनावर घ्यावे. ग्रामपंचायतीनेही काही करण्यासारखे आहे. कोकणातल्या अनेक गावांत पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्याने धावत असतात. एसएसबीच्या मुलाखतीत पाच दिवस काय काय चालते, गटात बोलायचे कसे, कुठे थांबायचे, हे त्यांना सांगणारे आसपास कुणी नसते. खडकवासल्याला दोन टर्म काढून आलेल्या मुलाला ते सगळे पाठ असते. तरावीहनंतरचा तासभर त्याला मोकळा असतो, आणि त्या वेळी शाळेची खोलीही रिकामीच असते.