मंडईतील भवानी आणि क्वीन्स गॅम्बिट
नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. तिच्या यशाने बुद्धिबळाकडे वळणाऱ्या मुलांनी ओपनिंग पाठ करावी, की समजून घ्यावी?

'क्वीन्स गॅम्बिट'चेच उदाहरण घ्या. पांढरा दुसऱ्याच चालीत वजिराकडील उंटापुढचे प्यादे देऊ करतो. पुण्याच्या मंडईत भवानीच्या गिऱ्हाइकाला भाव उतरवून द्यावा, तसा हा व्यवहार. काळ्याने प्यादे घेतले, तर पटाच्या मध्यावरील त्याची पकड सैल होते. शिवाय पांढऱ्याला ते बहुधा परत मिळते. नाकारून राजापुढील प्यादे एक घर सरकवले, तर मध्य भक्कम राहतो, परंतु वजिराकडील उंट कोंडतो. १९२७ च्या कापाब्लांका-आलेखाइन जगज्जेतेपद लढतीत ३४ पैकी ३२ डावांत हाच नाकारलेला गॅम्बिट झाला.

प्रतिस्पर्ध्याने अनोळखी चाल केली की पाठांतर संपते. तेथून पुढे उपयोगी पडते ती या कारणांची जाण.