चालणारी गाडी आणि चालविण्याजोगी गाडी

जुन्या वाहनाची चौकशी करताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : "गाडी चालू आहे ना?" होकारार्थी उत्तर आले, की आपले समाधान होते. परंतु ह्या एका 'चालू' शब्दाच्या पोटात दोन अगदी निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. इंजिन सुरू होते आणि वाटेत बंद पडत नाही, ही त्यांतील पहिली. तिला आपण विश्वासार्हता म्हणू. ते वाहन रस्त्यावर आणल्याने चालविणाऱ्याच्या, मागे बसणाऱ्याच्या अथवा पादचाऱ्याच्या जिवाला अकारण धोका उत्पन्न होत नाही, ही दुसरी. तिला मार्गयोग्यता म्हणू. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या, लहान मोटरसायकलीच्या बाबतीत हा समज नुसता चुकीचा नव्हे, तर घातक आहे. आणि खेदाची गोष्ट ही, की आपली तपासणीची पद्धतीही जवळजवळ त्याच समजावर उभी आहे.

उदाहरणादाखल आपल्या देशात घरोघरी परिचित असलेले यंत्र घेऊ. त्या वेळच्या हिरो होंडा कंपनीने १९८५ साली 'सीडी १००' ही मोटरसायकल बाजारात आणली आणि १९९४ साली 'स्प्लेंडर' आणली. दोहोंचे इंजिन ९७.२ घन सेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे व फोर-स्ट्रोक जातीचे. ते वाहत्या हवेनेच थंड होते; त्यामुळे पाण्याची टाकी, पंप व नळ्या ह्यांचा संसारच त्यात नाही. भाग थोडे, शक्ती बेताची, आणि सुटे भाग तालुक्याच्या बाजारातही मिळणारे. अशा यंत्राने वीस-पंचवीस वर्षे इमानाने काम करावे, ह्यात नवल नाही. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा ह्या गाडीच्या जाहिरातीचा आशय होता. तो पेट्रोलाच्या खर्चापुरता यथार्थ होता. परंतु गाडी बाळगणाऱ्यांनी विसरण्याचा हा उपदेश ब्रेक, टायर आणि साखळी ह्यांनाही लागू केला, आणि अनर्थाला तेथूनच प्रारंभ झाला.

मोटरसायकलीचे जे भाग झिजतात, त्यांपैकी पुष्कळसे असे आहेत, की ते झिजल्याने गाडी थांबत नाही. इंजिनात बिघाड झाला तर ते आवाज करते, धूर ओकते, बंद पडते. म्हणजे स्वत:ची तक्रार स्वत:च मांडते. ब्रेक तसे करीत नाही. ह्या गाड्यांच्या चाकात ड्रम असतो, आणि ब्रेक दाबला म्हणजे दोन अर्धवर्तुळाकार शू त्या ड्रमवर आतून घासतात. शूवरील अस्तर, ज्याला गॅरेजमध्ये 'लायनर' म्हणतात, ते झिजले की मालक नट थोडा आवळून घेतो आणि ब्रेक पुन्हा 'लागू' लागतो. अनेक गाड्यांच्या ब्रेकच्या झाकणावर एक खूण आणि तिच्याकडे सरकणारा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेशी पोचला, तर अस्तर संपले असे समजावयाचे असते. किती मालकांनी तो बाण कधी पाहिला असेल? झीज इतकी मंद गतीने होते, की हाताला व पायाला तिची सवय होऊन जाते. टायरची नक्षी पुसली जाणे, साखळी सैल पडणे, हँडलच्या मानेतील बेअरिंगांत खाचा पडणे, मागचा दिवा विझलेला असणे, हे सारे दोष ह्याच जातीचे. मागचा दिवा तर चालविणाऱ्याला दिसतच नाही. तो ज्याला दिसावयास हवा, तो पाठीमागून ट्रक घेऊन येत असतो.

ह्या दोषांची किंमत साध्या गणिताने काढता येते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला १५ मीटर अंतर तोडते. ब्रेक सुस्थितीत असून वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद ह्या प्रमाणात उतरत असेल, तर ब्रेक लागल्यापासून गाडी साडेबावीस मीटरांत थांबते. ब्रेकची शक्ती निम्म्यावर आली, तर तिला ४५ मीटर लागतात. परंतु खरा बोध ह्यापुढे आहे. चांगली गाडी जेथे पूर्ण थांबते, त्या साडेबावीस मीटरांच्या रेषेवरून निम्म्या ब्रेकची गाडी ताशी सुमारे ३८ किलोमीटर वेगाने पुढे निघून जाते. ब्रेक निम्मे झाले म्हणजे त्या रेषेवरचा वेगही निम्म्याने उतरलेला असेल, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात मूळ वेगाचा सुमारे शेकडा सत्तर भाग तेथे शिल्लक असतो. त्या रेषेवर शाळेतून परतणारे एखादे मूल उभे आहे, अशी कल्पना वाचकाने करून पाहावी. आणि ही तीच गाडी, जी रोज सकाळी पहिल्या किकला सुरू होते.

नियमित तपासणी केली तर काय आढळते, हे पाहावयाचे झाल्यास ब्रिटनचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९६० साली जुन्या वाहनांची तपासणी सुरू झाली. प्रथम ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरती होती. १९६७ साली ही मर्यादा तीन वर्षांवर आणली गेली. मोटरसायकलीही तीत येतात, आणि २०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाड्यांचा वर्ग स्वतंत्र मानला आहे. विशेष असे, की ह्या तपासणीत इंजिन, क्लच व गिअरपेटी ह्यांची स्थिती पाहिलीच जात नाही. गाडी किती काळ टिकेल, हा मालकाचा प्रश्न. ती इतरांना इजा करील काय, हा समाजाचा प्रश्न, अशी स्पष्ट वाटणी त्यामागे आहे. तपासण्यांचे निकाल, मालकाचे नाव-गाव वगळून, जनतेसाठी प्रसिद्ध केले जातात. त्यांवरून दिसते, की मोटरसायकली नापास होण्याचे प्रमाण मोटारगाड्यांपेक्षा कमी आहे, आणि नापासाच्या कारणांत दिवे व इशाऱ्यांची साधने अग्रभागी असून ब्रेक, टायर, हँडल व धक्के सोसणारी यंत्रणा ही त्यांच्या जोडीला आहेत. म्हणजे नापासाचे पुष्कळसे दोष बल्ब, तारेचा सांधा, लायनर किंवा टायर ह्यांच्या खर्चात दूर होण्याजोगे असतात.

तथापि अशा आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. वीस वर्षांच्या ज्या गाड्या तपासणीला येतात, त्या जगून वाचलेल्या गाड्या होत. ज्या मोडीत गेल्या त्यांची गणना तेथे नसते. म्हणून जुन्या गाड्यांचा निकाल चांगला दिसला, तर वय गाडीला सुधारते असे कोणी समजू नये. शिवाय शहाणा मालक तपासणीच्या आदल्या दिवशी बल्ब बदलतो आणि टायर घालतो. हे फसवणुकीचे लक्षण मानण्याचे कारण नाही. गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर यावी, हाच तपासणीचा हेतू असतो. ह्या दोन्ही गोष्टी जमेस धरूनही एक निष्कर्ष उरतोच : गाडीची मार्गयोग्यता तिच्या जन्मवर्षापेक्षा तिच्या निगराणीवर अधिक अवलंबून असते.

आता आपल्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. भाड्याच्या व मालाच्या वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षे तसे बंधन नाही. ह्या अवधीत तिची नेमाने तपासणी होते ती फक्त धुराची, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. म्हणजे ब्रिटनमध्ये इंजिन सोडून बाकीचे पाहतात, तर आपण बाकीचे सोडून इंजिनाचा श्वास तेवढा पाहतो. पुढे पंधरावे वर्ष उलटले, की एकाएकी आपल्याला वयाची आठवण होते. राजधानीच्या प्रदेशात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली, आणि २०२५ साली तिचा फेरविचार त्याच न्यायालयापुढे आला. त्या वादाचे मूळ प्रदूषणात होते हे खरे. पण मोजता येण्याजोग्या दोषाऐवजी वयाची रेघ ओढण्याची आपली प्रवृत्ती त्यात दिसून येते. ह्या रेघेचा फटका बसतो तो दूधवाल्याला, वायरमनला, फेरीवाल्याला. ज्याने तिसऱ्या हाताची गाडी घेऊन ती प्रपंचाला जुंपली आहे त्याला. आणि चौदा वर्षे ब्रेकला हात न लावलेली गाडी मात्र त्याच रेघेच्या आड निर्धास्त असते.

नियमित तपासणीविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते उपेक्षणीय नाहीत. पहिला असा, की बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात. तपासणीने ते कसे टळणार? नॉर्वेमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासणीमुळे वाहनांतील दोष कमी झाल्याचे दिसले, पण अपघातांचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु तो अभ्यास चारचाकी गाड्यांचा आणि निगराणीची रीत रुजलेल्या देशातला होता. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. चूक माणसाची असली, तरी चुकीनंतर उरलेल्या मीटरांचा हिशेब ब्रेकच करतो. दुसरा आक्षेप असा, की वीस कोटींहून अधिक दुचाकी तपासणार कोण? नव्या कचेऱ्या उघडल्या, तर रांगा, दलाल आणि चिरीमिरी ह्यांचीच वाढ होईल. हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो.

त्याचे उत्तर नव्या कचेऱ्यांत नसून जुन्या सवयीत आहे. धुराच्या तपासणीसाठी गाडी केंद्रावर येतेच. तेथे दिवे व इशारे, दोन्ही ब्रेक, दोन्ही टायर, साखळी आणि हँडल ह्या पाच गोष्टी डोळ्यांनी व हातांनी पाहण्यास दहा मिनिटे पुरतील आणि मोठे यंत्र लागणार नाही. प्रथम दोष आढळल्यास दंड करू नये. लेखी सूचना द्यावी आणि दुरुस्तीला मुदत द्यावी. मालकाचे नाव-गाव वगळून हे निकाल राष्ट्रीय नोंदवहीत जमा करावेत, आणि कोणत्या वयाच्या कोणत्या गाडीत कोणता दोष किती आढळतो, ह्याचे कोष्टक दरवर्षी प्रसिद्ध करावे. त्यावरून जुनी गाडी घेणाऱ्याला निवड करता येईल, कारखान्याला आपले उणे कळेल, आणि वयाची मर्यादा ठरविणाऱ्यांना अंदाजाऐवजी पुरावा मिळेल.

शासन हे करील तेव्हा करो. वाचकाने मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मागचे चाक फिरवून टायरची नक्षी पाहावी. साखळी बोटाने वरखाली करून ती किती हलते ते बघावे. ब्रेक दाबून बाण कोठे येतो ते पाहावे. भिंतीजवळ गाडी उभी करून भिंतीवर मागच्या दिव्याचा तांबडा उजेड पडतो की नाही, ह्याची खात्री करून घ्यावी. आणि जुनी गाडी विकत घेताना 'चालू आहे ना?' एवढ्यावर न थांबता, 'थांबते ना?' हाही प्रश्न विचारावा.