मेद गेला, धातूंचे काय?

स्थौल्याचे रुग्ण आपणां वैद्यांस नवे नाहीत. नवा आहे तो शस्त्रकर्म करून आलेला स्थूल रुग्ण. पूर्वी असा रुग्ण वर्षाकाठी एखादा दिसे. आता तालुक्याच्या गावीही तो औषधालयाच्या पायऱ्या चढू लागला आहे. २०२२ साली या क्षेत्रातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. आशियाई व्यक्तींचा शरीरभार निर्देशांक २७.५ वा त्याहून अधिक असल्यास त्यांना शस्त्रकर्माचा पर्याय द्यावा, असे त्यांत सुचविले आहे. तेव्हा ही संख्या वाढतच जाणार. शस्त्रकर्म योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. ज्याने ते करून घेतले आहे वा करून घेण्याचे ठरविले आहे, त्याच्या पोषणाविषयी आपली जबाबदारी कोणती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आरंभी आमचीच चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन शिक्षिका आमच्याकडे आल्या. मोठ्या शहरात शस्त्रकर्म होऊन त्यांना सहा आठवडे झाले होते. वजन झपाट्याने उतरले होते. पण दररोज वांत्या होत, अन्न टिकत नसे. आम्ही छर्दि समजून लाजामंड, मोरावळा आणि सूतशेखर यांची योजना केली. जाता जाता बाईंनी विचारले, "त्या रुग्णालयातल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मला उष्ण पडतात. बंद केल्या तर चालतील का?" आम्ही होकारार्थी मान हलविली. दहा दिवसांनी त्यांचे यजमान त्यांना धरून घेऊन आले. एकाच्या जागी दोन वस्तू दिसत होत्या, चालताना तोल जात होता, बोलण्यात विसंगती होती. आम्ही त्याच दिवशी त्यांना शस्त्रकर्म करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठविले. निदान झाले ते ब-१ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या, अभावाचे. शिरेवाटे थायमिन दिल्यावर दृष्टी थोड्या दिवसांत सुधारली; चाल मूळपदावर येण्यास मात्र कित्येक महिने लागले.

शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. पिष्ट आणि शर्करा यांचा शरीरात विनियोग होण्यासाठी हेच जीवनसत्त्व खर्ची पडते. म्हणजे लाजामंड व मोरावळा देऊन आम्ही खर्च वाढविला, आणि गोळ्या बंद करण्यास संमती देऊन जमेची बाजू पुसून टाकली. सूतशेखरात दोष नव्हता. दोष होता तो रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे हे न विचारण्यात.

संहितेतील सूचना

अशी चूक घडावी हे अधिकच लाजिरवाणे, कारण या विषयाची किल्ली आपल्याच हाती आहे. चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन करताना त्याच्या शरीरात मेदाचीच वृद्धी होते, अन्य धातूंची तशी होत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. स्थूल मनुष्य हा अतिपोषित नव्हे, तर विषमपोषित असतो, हाच त्याचा अर्थ. आजच्या रक्ततपासण्या तेच दाखवितात. शस्त्रकर्मापूर्वीच अनेक रुग्णांत लोह, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ कमी आढळते. शाकाहारी घरांत ब-१२ चा अभाव विशेष, कारण वनस्पतिज आहारात ते जवळजवळ नसतेच.

यावर शस्त्रकर्माची भर पडते. स्लीव्ह प्रकारात आमाशयाचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. बायपास प्रकारात सुमारे ३० मिलिलीटरची लहानशी पिशवी शिल्लक ठेवून अन्नाची वाट पुढच्या आतड्यास जोडतात. ग्रहणी आणि लघ्वांत्राचा आरंभीचा भाग वगळला जातो. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः याच भागात होते. ब-१२ च्या शोषणास आवश्यक असणारा घटक आमाशयात तयार होतो, तोही घटतो. यकृतातील साठ्यामुळे ब-१२ ची उणीव वर्ष-दोन वर्षे लपून राहते. तोवर रुग्ण शस्त्रवैद्याकडे जाणे सोडून केस गळणे, थकवा, हातापायांना मुंग्या अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे आलेला असतो.

थोडक्यात, शस्त्रकर्मोत्तर रुग्णाचे पोट अद्याप सुटलेले दिसत असले तरी त्याची वाटचाल धातुक्षयाकडे चालू असू शकते. त्याला लेखन औषधे देणे म्हणजे पडत्या भिंतीला धक्का देणे होय. आमच्या मते या लेखाचे सार एवढेच आहे.

शस्त्रकर्मापूर्वी

शस्त्रकर्म ठरलेला रुग्ण दोन टोकांपैकी एक गाठतो. एक म्हणतो, "पुढे खाता येणारच नाही, आताच खाऊन घेऊ." दुसरा आपल्याकडे येऊन कडक लंघन मागतो. दोन्ही घातक आहेत. यकृतातील मेद घटून शस्त्रकर्म सुकर व्हावे म्हणून शस्त्रवैद्य पूर्वीचे सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा, परंतु भरपूर प्रथिनांचा आहार सांगतात. त्याऐवजी केवळ पेजेवर वा फळांच्या रसावर ठेवलेला रुग्ण मांसधातू गमावून शस्त्रकर्माच्या टेबलावर जातो. या काळात वमन-विरेचन करू नये. रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक कल्पाची यादी भूलतज्ज्ञांस लेखी कळवावी. लसूण, गुग्गुळ यांसारखी रक्तस्रावावर परिणाम करू शकणारी द्रव्ये साधारण दोन आठवडे आधी थांबविणे इष्ट. रक्त, लोहाचा साठा, ब-१२ व ड जीवनसत्त्व यांची तपासणी झाली आहे ना, एवढे तरी आपण विचारावे.

शस्त्रकर्मानंतर

नंतरच्या आहारात द्रव, मग घट्ट द्रव, मग मऊ आणि शेवटी नेहमीचे अन्न असा क्रम काही आठवडे चालतो. हे ऐकताच आपल्याला पेया, विलेपी, यूष हा संसर्जनक्रम आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु साम्य क्रमापुरतेच आहे. शोधनानंतरचा क्रम काही दिवसांत संपतो आणि अग्नी पूर्ववत् होतो. येथे आशयच कायमचा बदललेला असतो. शिवाय पेया-विलेपीत प्रथिने नगण्य. या रुग्णाला तर दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एक वाटी पातळ वरणातून जेमतेम चार-पाच ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सुमारे सहा. तेव्हा मुगाचे घट्ट कढण, दही, पनीर, अंडी आणि चालत असल्यास मांसरस यांना पहिला घास मिळाला पाहिजे, भात-भाकरी त्यानंतर. श्रावणातील उपवास वा एकादशी आली की साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढणे या रुग्णास परवडणारे नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावे लागते.

जेवताना मधूनमधून पाणी प्यावे, हा आपला नित्याचा उपदेशही येथे आवरावा लागतो. लहानशा आशयात पाण्याने जागा व्यापली की अन्नास वाव उरत नाही. म्हणून जेवण आणि पाणी यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर ठेवण्यास सांगतात.

आता कल्पांविषयी. पांडुता दिसली की आपला हात लोहासवाकडे जातो. आसव-अरिष्टांत गूळ भरपूर आणि स्वयंजनित मद्यार्कही असतो. बायपास झालेल्या रुग्णात मद्यार्क फार वेगाने रक्तात उतरतो, आणि शर्करा एकदम आतड्यात पोहोचल्यामुळे धडधड, घाम, भोवळ व अतिसार होऊ शकतो. अवलेह व पाक यांचीही हीच अडचण. लोहभस्म व मंडूर यांतील लोह ऑक्साइड स्वरूपात असते. त्याच्या शोषणास अम्लही हवे आणि ग्रहणीचा मार्गही. शंख, शौक्तिक यांतील कॅल्शियम मुख्यतः कार्बोनेट स्वरूपात असते, आणि त्यासही आमाशयातील अम्ल लागते. म्हणून शस्त्रवैद्य सायट्रेट स्वरूपातील कॅल्शियम निवडतात आणि ते लोहापासून दोन तास दूर ठेवतात. आपले कल्प निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु सांगितलेल्या गोळ्या व इंजेक्शने यांच्या जागी ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पूरक म्हणून दिलेच, तर त्यांचा परिणाम रक्ततपासणीत पाहूनच पुढे जावे.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंस

वजन उतरविण्याची चूर्णे आणि गुग्गुळकल्प बहुधा वैद्याच्या पत्राविना, काउंटरवरूनच विकले जातात. ते देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: वजनासाठी पोटाचे शस्त्रकर्म झाले आहे का किंवा ठरले आहे का? जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू आहेत का? सतत वांत्या होतात का? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल, तर चूर्ण परत कपाटात ठेवून रुग्णास वैद्याकडे पाठवावे. तिसऱ्याचे 'होय' असेल, तर त्याच दिवशी शस्त्रवैद्याकडे. यात एका डबीची विक्री बुडेल, हे आम्ही जाणतो.

आपल्या दृष्टीस स्थूल देह पटकन दिसतो, त्यातील क्षीण धातू दिसत नाही. तो पाहावयास शास्त्राने आपल्याला कधीच शिकविले आहे. उणीव आहे ती विचारण्याच्या सवयीची. त्या शिक्षिका आजही आमच्याकडे येतात. प्रत्येक खेपेस आम्ही त्यांच्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर मागून घेतो आणि मगच नाडी पाहतो. हा क्रम आम्हांस उशिरा सुचला. व्यवसायबंधूंनी तो आजच स्वीकारावा, एवढीच विनंती.