माजी सैनिक कोण, हे तुरुंगाच्या दारातच विचारा

सचिव महोदय,
वेटरन्स अफेअर्स खाते, वॉशिंग्टन

सक्रिय लष्करी सेवा केलेला आणि सुटताना कागदावर अप्रतिष्ठेचा शेरा न बसलेला, तो माजी सैनिक, असे तुमचा कायदा सांगतो. या व्याख्येत तुरुंग कुठेच येत नाही. नंतर शिक्षा झाली म्हणून हा दर्जा सहसा जात नाही. मात्र पैसे कापले जातात.

गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली, की तुरुंगवासाच्या ६१व्या दिवसापासून वीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्याची भरपाई दहा टक्क्यांच्या दरावर येते. २०२५च्या दराने शंभर टक्के अपंग, एकट्या सैनिकाचे महिन्याचे ३,८३१ डॉलर १७५वर येतात. संसार असेल तर कापलेल्या रकमेतून बायकामुलांना वाटा मिळू शकतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. आणि तुरुंगवास खात्याला कळवलाच नाही, तर पूर्ण रक्कम जमा होत राहते व पुढे तिची वसुली निघते. सुटून आलेल्या माणसाच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी सरकारी कर्ज!

हे टाळायला साठ दिवस हातात असतात. पण आत आलेला माणूस सैनिक होता, हे कुणाला माहीत असते? २०१६च्या सरकारी पाहणीत राज्यांच्या व संघीय तुरुंगांत सुमारे १,०७,४०० माजी सैनिक होते, तेही कैद्यांनी स्वतः सांगितले म्हणून. अनेकजण सांगतच नाहीत. कुणाला भरपाई जाईल अशी धास्ती, कुणाला वर्दीची लाज. कुणी लढाई पाहिलेली नसते, म्हणून तो स्वतःला त्यात धरत नाही. वाईट शेरा मिळालेला तर आपले सगळे संपले असे समजतो. प्रत्यक्षात अशा अनेक शेऱ्यांचा निर्णय तुमचे खाते सेवेचा इतिहास तपासून करते.

२००८मध्ये बफेलोत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले, पुढे तशी अनेक निघाली. तिथवर पोचायलाही आधी ओळख पटावी लागते.

कैद्यांची यादी लष्करी नोंदींशी ताडून पाहणारी सेवा तुमच्याकडे आहे. तुरुंग तुमच्या हाताखाली नाहीत, हे मान्य. तरीही संघीय निधी घेणाऱ्या प्रत्येक तुरुंगाला कैदी दाखल होतानाच ही पडताळणी बंधनकारक व्हावी, असा आग्रह तुम्ही काँग्रेसकडे धरा. ओळख पटली की साठ दिवसांच्या आत तुमचा माणूस त्याला भेटू द्या आणि घरच्यांच्या वाट्याचा अर्ज तिथेच भरून घ्या. सुटकेनंतर वर्षभरात कळवले तर पूर्ण भरपाई सुटकेच्या तारखेपासून परत सुरू होते, हेही त्याला सुटण्याआधी लेखी द्या.

आपला,
एक मराठी पत्रकार