शूटिंगवाल्या मुलांसाठी चार पुस्तकं

लग्नसराईत चिखली, मेहकर, खामगावच्या मंगल कार्यालयांत कॅमेरे, वर घिरट्या घालणारा ड्रोन आणि भलामोठा एलईडी पडदा हमखास दिसतो. रात्री मिक्सिंगला बसून नवरीचा चेहरा लोणारच्या पाण्यावर अलगद उमटवणाऱ्या मुलांच्या हातात कला आहे. या कलेवर जगभर काय लिहिलं गेलंय, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

सुरुवात रेमंड विल्यम्सपासून करा. त्यांचं 'टेलिव्हिजन' १९७४ सालचं. आठवडाभराचा बोटीचा प्रवास करून ते अमेरिकेत उतरले आणि मायामीत एका रात्री टीव्हीवर सिनेमा बघत बसले. मध्येच जाहिराती, मध्येच पुढे दाखवायच्या आणखी दोन सिनेमांची झलक. कुठला तुकडा कशाचा, हेच त्यांना कळेना. टीव्ही सुटे कार्यक्रम देत नाही, अखंड प्रवाह देतो, हा त्यांचा सिद्धांत त्या अनुभवाशी जोडलेला आहे. आपल्या मोबाइलवर कापसाचा भाव, लगेच नाच, लगेच शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी, लगेच साबण येतो. एकाचं दुःख मनात उतरायच्या आत दुसरं दृश्य हजर. हे समजून घ्यायला विल्यम्सइतका भरवशाचा सोबती मला दुसरा सापडलेला नाही.

जॉन बर्जर यांचं 'वेज ऑफ सीइंग' आधी बीबीसीवरची मालिका होतं, मग १९७२ मध्ये पुस्तक झालं. त्यातलं बाईकडे बघणाऱ्या नजरेवरचं प्रकरण नवरीवर कॅमेरा रोखणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) उत्तर भारताविषयी आहे. पण स्वस्त कॅसेटींनी बड्या कंपनीची सद्दी कशी मोडली, हे भीमगीतांच्या कॅसेटी ऐकत वाढलेल्या वाचकाला लगेच पटेल.

हे सगळं परदेशातलंच, असं समजू नका. १९६९ साली मुंबईत अकबर पदमसींनी चित्रकारांच्या हाती कॅमेरा देणारी 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' उभी केली. तिथे विशीतल्या नलिनी मलानींनी घरांच्या छोट्या प्रतिकृतीवर रंगीत प्रकाश टाकत, एकेक चौकट टिपत 'ड्रीम हाउसेस' केलं. पुढे त्याच्या शेजारी मुंबईच्या झोपड्यांचं कृष्णधवल चित्रण ठेवून 'युटोपिया' पूर्ण झालं. स्वप्न आणि वस्तुस्थिती, दोन पडदे लगोलग!

मराठीत वाचायचं तर अरुण खोपकरांचं 'चलत्-चित्रव्यूह' घ्या. २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. बाकी तीन इंग्रजीत आहेत. तालुक्याच्या ग्रंथालयांनी यंदाच्या खरेदीत निदान खोपकर आणि बर्जर घ्यावेत, आणि शूटिंगवाल्या मुलांनी ते मागायला स्वतः जावं.