एका सहीपायी पडणारी घरं

नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या शिवेलगतच्या एका खेड्यात गेल्या श्रावणात एका आजींच्या घरी बसलो होतो. दोन खणांचं, पांढऱ्या मातीचं घर. मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली, तिला बाभळीचा टेकू. कौलांवर निळी ताडपत्री, तिच्यावर विटा. चुलीपाशी पातेलं ठेवलेलं. थेंब वाजला की आजी बोलता बोलता थांबायच्या.

"घरकुल का नाही घेतलं?" मी विचारलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून उतारा काढला. त्यावर पाच नावं. नवरा वारला, चार दीर, त्यांतला एक गावातच, स्लॅबच्या घरात. घरकुलासाठी लागणाऱ्या हिस्सेदारांच्या संमतीपत्रावर सही मात्र एकाचीही नाही.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाटीवरच्या घराला १,२०,००० रुपये मिळतात, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. रक्कम तुटपुंजी आहे, कबूल. पैसे मिळतात ते नवं घर उभारायला. जुनी भिंत सावरायला नाही. जुन्या इंदिरा आवास योजनेत कच्चं घर सुधारायला १५,००० रुपयांची सोय तरी होती. सरकारचा हा आंधळेपणा मी झाकत नाही. पण आजींना हवी असलेली सही सरकारने अडवलेली नाही. ती आपण अडवली, भाऊबंदांनी.

सही दिली तर म्हणे हिस्सा जाईल! दोन खणांतला पाचवा हिस्सा म्हणजे चूल मांडण्यापुरती जागा. तेवढ्यासाठी सख्खी भावजय गळक्या आढ्याखाली ठेवायची आणि चंपाषष्ठीला भंडारा उधळायला सहकुटुंब यायचं. ग्रामसभेत तिचा विषय निघाला की पंच म्हणतात, घरातली भांडणं घरात मिटवा. लिहिणारे आम्हीही तसेच. पडलेल्या घराचा फोटो छापतो, पडायच्या आधी फिरकत नाही.

याच ओझरला समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे २४ संस्थांनी वाघाड धरणाच्या पाण्याचा कारभार हाती घेतला. कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवायला एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊही एका कागदावर आले. म्हणजे सह्या करता येतात आम्हाला. तिथे प्रत्येकाची द्राक्षबाग भिजत होती. आजींच्या घरात भिजतं ते फक्त त्यांचं अंथरूण.

निघताना गावातले दीर ओट्यावर भेटले. सहीचं विचारलं, तर म्हणाले, "ते समद्यांनी बसून ठरवू कधीतरी." मग भिंतीकडे बोट दाखवून जरा अभिमानाने, "टेकू मीच दिलाय. माझ्याच बांधावरची बाभळ."